वेळास कासव अभयारण्य: तिकीट, वेळ, कमोड आणि पिल्लांची खात्री

बावधनची सूनबाई

नमस्कार मंडळी. मार्चच्या शेवटच्या शनिवार-रविवारी वेळासला कासवं बघायला जायचं घाटतंय. मी, नवरा, चौथीतली लेक आणि सासूबाई. सासूबाईंचं वय ७२, गुडघे कुरकुरतात, पण उत्साह आम्हा तिघांच्या बेरजेपेक्षा जास्त. लेकीला शाळेत 'किनाऱ्यावरचं एक अभयारण्य' असा प्रकल्प मिळालाय आणि तिला पक्षी, कासवं दोन्ही हवेत. भिगवण सुचवलं तर म्हणाली, तिथे समुद्र कुठंय? म्हणजे तो विषय संपला.

आता प्रश्न. वेळास अभयारण्याचं तिकीट ऑनलाइन काढता येतं का? मी दोन संध्याकाळी शोधलं, कुठल्याच सरकारी साइटवर सापडेना. आत सोडायच्या वेळा काय आहेत? एका टूरवाल्याने "पिल्लं १०० टक्के दिसणार, नाहीतर पैसे परत" असं सांगितलंय, त्याचं कितपत खरं मानायचं? गाडी थेट पाण्यापर्यंत नेता येते का? एका रीलमध्ये लोकांनी नेलेली दिसली, आणि सासूबाईंना वाळूत फार चालवत नाही. शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा: राहण्याच्या घरी कमोड असतो का?

पुण्यातून जाऊन आलेल्यांनीच सांगावं ही विनंती. "गुगल करा" म्हणणाऱ्यांना आगाऊ नमस्कार.

कर्वेनगर_गल्ली_४

गेल्या वर्षी गेलो होतो. सकाळी गेलो, घरट्यावरची टोपली उचलली, खाली वाळू. संध्याकाळी गेलो, टोपली उचलली, खाली वाळू. दोनशे माणसं आणि कासव शून्य. चौघांचा खर्च, ताम्हिणीत पोराची उलटी, परत येताना फेरीबोटीला रांग. त्यापेक्षा कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात जा, काय असेल ते समोर दिसतं.

धायरीचा ट्रॅव्हलरवाला

ताई, माझी सतरा सीटची ट्रॅव्हलर आहे आणि फेब्रुवारी ते एप्रिल ती निम्मा वेळ वेळास, केळशी, आंजर्ले याच पट्ट्यात असते. शाळेच्या सहली, सोसायट्यांचे ग्रुप, ज्येष्ठ नागरिक संघ, सगळ्यांना नेऊन झालंय. मी प्राणीशास्त्र शिकलेलो नाही. पण पाहुणे पिल्लं बघत असतात तेव्हा ड्रायव्हरला दुसरं काम काय? कासवमित्रांबरोबर, म्हणजे घरटी राखणाऱ्या गावकऱ्यांबरोबर, बिडी-चहा आणि गप्पा. त्यात जे कानावर पडलं आणि डोळ्यांनी पाहिलं ते सांगतो. लांबण लागेल, चहा टाकून बसा.

तिकीट सापडलं नाही, कारण वेळास हे अभयारण्य नाहीच. राजपत्रात छापून आलेलं समुद्राकडचं अभयारण्य हवं असेल तर मालवणचं आहे, १९८७ सालचं, साधारण २९ चौरस किलोमीटर, सिंधुदुर्ग किल्ला त्याच्या पोटातच येतो. पक्ष्यांसाठी ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य आहे, ते २०१५ चं, आणि २०२२ पासून रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीतसुद्धा आहे. वेळासला ना गेट, ना कुंपण, ना खिडकीत बसलेला कारकून. मंडणगड तालुक्यातल्या एका गावाची ती पुळण आहे. कासव मात्र कायद्याच्या आत आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ऑलिव्ह रिडलेची, म्हणजे इथे येणाऱ्या कासवाची, जागा पहिल्या अनुसूचीत आहे, तिथेच वाघही आहे. अंडं नुसतं उचललं तरी गुन्हा होतो.

आता मला सांगा, डिसेंबरातल्या रात्री दोन वाजता सुरूच्या बनामागे तो कायदा बघायला कोण येणार? गावातला माणूस येतो, कानाला मफलर, हातात बॅटरी. दर वेळी गाडीतल्या पोरांना मी हेच सांगतो की इथलं अभयारण्य म्हणजे ही पाच-सात माणसं आणि त्यांना "चुकीचं करताय" असं न म्हणणारं गाव. उद्या गाव म्हणालं की नको आम्हाला ही कटकट, तर नुसत्या पाटीने एक अंडं वाचणार नाही. मालवणला अभयारण्य कागदावर पक्कं आहे, पण मासेमारीच्या पोटावर येईल म्हणून तिथल्या लोकांनी पहिल्यापासून विरोध केला. वेळासला कागद नाही आणि लोक सोबत आहेत. लेकीने प्रकल्पात हे लिहिलं तर बाईंना जरा विचार करावा लागेल. करू दे.

हे सुरू कसं झालं तेही तिला आवडेल, कारण त्यात पक्षी आहे. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची, म्हणजे भाऊ काटदरेंची मंडळी समुद्रगरुडाच्या पाहणीसाठी हा किनारा पालथा घालत होती. पांढऱ्या पोटाचा मोठा गरुड, मासे आणि समुद्रसाप धरतो, किनाऱ्याजवळच्या उंच झाडावर काटक्यांचा ढीग रचून घरटं करतो. त्याला शोधता शोधता वेळासच्या वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. तेव्हा अंडी उकरून खाणं आणि विकणं यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. पुढे राखणीच्या कामात घेतलं ते अंडी शोधण्यात ज्यांचा हात धरणारा कुणी नव्हता त्यांनाच. मला ही युक्ती फार आवडते. ज्याला घरटं सापडतं त्यालाच राखण द्या, नाहीतर राखणदार इकडे आणि चोर तिकडे. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, घराघरांत पाहुणे यायला लागले आणि अंडं फोडून खाण्यापेक्षा अंड्यातून पिल्लू निघण्यात जास्त पैसा आहे हे गावाला हिशेबाने पटलं. प्रेमाने पटलं असतं तर बरं झालं असतं असं काही पाहुणे म्हणतात. त्यांना मी विचारतो, तुम्ही नोकरी प्रेमाने करता का?

आता पिल्लांच्या खात्रीचं. साधारण नोव्हेंबर ते मार्च माद्या रात्री किनाऱ्यावर येतात. चाळीसेक किलोचं धूड. भरतीच्या रेषेच्या वर येऊन मागच्या वल्ह्यांनी, म्हणजे वल्ह्यासारख्या पायांनी, दीड फूट खोल खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते, वर अंगाने थोपटते आणि परत जाते. पुन्हा त्या घरट्याकडे बघत नाही. वाळूवर ट्रॅक्टरचं चाक गेल्यासारखा माग राहतो. उजाडायच्या आत कासवमित्र तो माग बघतात, कारण त्यांच्या आधी कोल्हा, कुत्रा किंवा रानडुक्कर पोचला तर खेळ खलास. मग ती अंडी हलक्या हाताने काढून जाळीच्या कुंपणात, तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची. शेजारी पाटी: तारीख, अंड्यांची संख्या. पिल्लं बाहेर पडायचे दिवस जवळ आले की वर टोपली पालथी घालायची. कुंपणातली ही जागा म्हणजे हॅचरी.

तिथून पुढे वाळूची मर्जी. ४५ दिवसांपासून ६० दिवसांपर्यंत काहीही. थंडीत घातलेली अंडी रेंगाळतात, ऊन वाढलं की घाई करतात. आतल्या आत पिल्लं फुटून एकमेकांच्या अंगावर चढत दोन-चार दिवस वर सरकत असतात आणि आपल्याला वरून काही दिसत नाही. कर्वेनगरवाले, तुमच्या टोपलीखाली नुसती वाळू होती ना, त्याच्या खाली वीतभर ती आलेली असणार. सोमवारी सकाळी बाहेर पडली असतील.

म्हणून १०० टक्के म्हणणारा एक तर थापा मारतोय, नाहीतर त्याच्या मनात काहीतरी भलतंच आहे. पहाटे निघालेली पिल्लं "आमच्या ग्रुपसाठी संध्याकाळपर्यंत ठेवा की" असं कासवमित्रांना म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. वर शंभराची नोट पुढे करतात. पिल्लू अंड्यातून निघताना पोटात थोडा बलक घेऊन निघतं आणि त्याच्या जोरावर पहिला दिवस-रात्र न थांबता पोहून किनाऱ्यापासून दूर जातं. तो जोर बादलीत वळवळण्यात संपला तर पाण्यात गेल्यावर ते माशाच्या तोंडी. कासवमित्र नोट घेत नाहीत, हे सांगायला बरं वाटतं. पण पाहुणा नाराज होऊन जातो आणि घरमालकाला ऐकवतो, तेही खरं आहे. तुम्ही असं करा, ज्या घरी उतरणार त्यांना आठवडा आधी फोन लावा आणि "किती घरट्यांना पन्नास दिवस झालेत" एवढंच विचारा. चार-पाच असतील तर निघा. एकच असेल तर दुसरा आठवडा धरा.

गाडी पाण्यापर्यंत न्यायचं मनातून काढून टाका. हे मी पोटापाण्यासाठी स्टिअरिंग धरणारा माणूस सांगतोय. कोकणच्या प्रत्येक किनाऱ्यावर एमएच-१२ आणि एमएच-१४ रुतलेल्या असतात, भरती येते, मग गावातला ट्रॅक्टर, मग दोरखंड, मग रडारड. गाडीचं नुकसान होतंच, पण चाकाखाली एखादं न सापडलेलं घरटं असू शकतं. वाळू दाबून कडक झाली की पिल्लांना वर येता येत नाही. आणि चाकोरी. पिल्लाची पाठ दोन इंचांचीसुद्धा नसते. चाकोरीत पडलं की ते समुद्राकडे न जाता चाकोरीतूनच आडवं चालत राहतं, वर घारी-कावळे टपलेले असतातच.

सासूबाईंसाठी: गाडी एका ठिकाणापर्यंत जाते, तिथून पायी. गुडघ्याला त्रास होतो तो कोरड्या वाळूत, ओली वाळू टणक असते. सकाळी जरा आधी निघा आणि त्यांना त्यांच्या चालीने जाऊ द्या. कासवमित्र आजी-आजोबांना पुढे जागा करून देतात.

कमोड बऱ्याच घरांत झालाय, पण फोनवर "वेस्टर्न आहे का" एवढंच विचारू नका. "आमच्या खोलीला लागून आहे की अंगणाच्या पलीकडे" हे विचारा. अंगणाच्या पलीकडे असेल तर पुण्यात कमोडची खुर्ची भाड्याने मिळते, माझ्या गाडीतून कितीदा गेलीय.

आणि वेळास म्हणजे नाना फडणवीसांचं मूळ गाव. शनिवारवाड्याशेजारच्या नाना वाड्यावरून आपण रोज हॉर्न वाजवत जातो, त्या नानांचं. सासूबाईंना हे आधी सांगा, कासव नाही दिसलं तरी त्यांची वारी सुफळ होईल.

हडपसर_माहेर_केळशी

ट्रॅव्हलरवाले दादा, दंडवत. "प्रेमाने नोकरी करता का" हे वाक्य मी माहेरी फोन करून ऐकवलं.

माझी त्यात थोडी भर. आमच्या लहानपणी अंडी घरात आलेली मला आठवतात. कोंबडीच्या अंड्यासारखं कडक टरफल नसतं, बोटाने दाबलं की खळगा पडतो. तेव्हा ते पाप वगैरे कुणी मानत नव्हतं, थंडीतला एक खाऊ होता. आता त्याच घरातला माझा चुलतभाऊ पहाटे पुळणीवर चक्कर मारतो आणि माग दिसला की आधी फोन करतो, मग चूळ भरतो. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळात आमची पोफळीची बाग एका दुपारी आडवी झाली. पोफळ पुन्हा धरायला वर्षं जातात. त्या काळात ज्यांच्या घरी पाहुण्यांच्या दोन खोल्या होत्या त्यांनी तग धरला. त्यामुळे "कासवाचा बाजार मांडलाय" असं पुण्यातले कुणी म्हणाले की माझं डोकं फिरतं.

मासेमारीवाल्यांबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून लिहिते. कासव श्वास घ्यायला वर येतं, जाळ्यात अडकलं की गुदमरतं. पूर्वी जाळं कापायचं म्हणजे स्वतःच्या खिशाला भोक. डिसेंबर २०१८ पासून राज्याची योजना आहे, संरक्षित प्राणी सोडवताना जाळं कापावं लागलं तर २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते. सोडतानाचा फोटो किंवा व्हिडिओ दाखवावा लागतो. हर्णैच्या बंदरात आमच्या ओळखीच्यांनी अर्ज केलेत. मोबाइल हातात धरून ओल्या हाताने जाळं कापायची कसरत काय असते ते त्यांनाच विचारा.

आणि सूनबाई, पक्ष्यांसाठी लेकीला वेळासवरच थांबवू नका. केळशीला भारजा नदी समुद्राला मिळते तिथे किंवा आंजर्ल्याला जोग नदीच्या मुखाशी सकाळी ओहोटीला जा. वाळूच्या दांड्यावर कुरव आणि सुरय यांचे थवे बसलेले असतात, चिखलाच्या कडेने तुतवार आणि चिखल्या धावत असतात. तपकिरी डोक्याचा कुरव तिबेट आणि लडाखकडच्या उंचावरच्या तळ्यांवर वीण करतो आणि थंडीला आपल्याकडे येतो. मार्चअखेर त्याचं डोकं खरोखर तपकिरी झालेलं असतं, हिवाळ्यात नुसता कानामागे डाग. म्हणजे तुमची वेळ चांगली आहे, पण उशीर केलात तर ते निघून जातील.

एक कळकळीची विनंती. थवा बसलेला दिसला की पोरांना "पळ, उडव, मी शूट करते" म्हणून सोडणारे आईबाप दर रविवारी दिसतात. त्या पक्ष्यांना हजारो किलोमीटर परत जायचंय, अंगात चरबी साठवायला हेच दिवस आहेत. दिवसात पंधरा वेळा उडवलं तर खाणार कधी? शेव-फरसाण टाकणं हा दुसरा छळ. भिगवणच्या बोटीतली सवय तिकडे नेऊ नका.

नारायणपेठी_संशयात्मा

वाचलं. भावना पोचल्या. पण दोन शंका. हजारातलं एखादंच पिल्लू मोठं होतं म्हणतात, मग शंभर सोडले काय आणि पाचशे सोडले काय. आणि कासवाने निवडलेल्या जागेवरून अंडी काढून माणसाने निवडलेल्या जागी ठेवायची, याला संवर्धन म्हणायचं की लुडबुड? कासव आपल्या आधीपासून पृथ्वीवर आहे, त्याला आपली हॅचरी कधी लागली नाही.

उत्तर सवडीने द्यावे. १ ते ४ मी नसतो.

गणेशखिंड_एमएस्सी

४ वाजून गेले, म्हणून लिहितो. मी प्राणीशास्त्राचा विद्यार्थी, एका हंगामात किनाऱ्यावर हाताखालचं काम केलंय.

लुडबुड आहे, हे मान्य. अंडी जिथल्या तिथे राहू देणं केव्हाही चांगलं, आणि जिथे राखण शक्य आहे तिथे घरटं न हलवता त्यावरच जाळी लावतात. हलवायचं तर घातल्यापासून पहिल्या काही तासांतच. त्यानंतर आतला गर्भ टरफलाच्या वरच्या बाजूला चिकटतो, अंडं उलटंपालटं झालं की तो मरतो. म्हणून पहाटेची ती धावपळ, आणि म्हणून "आम्हाला सकाळी नऊ वाजता अंडी सापडली, आम्ही उचलून हॅचरीत आणून दिली" असं करणाऱ्या हौशी मंडळींना हात जोडावे लागतात. सापडलं तर हात न लावता तिथेच थांबायचं आणि माणूस बोलवायचा.

कासवाला हॅचरी कधी लागली नाही, हे खरंय. पण किनाऱ्यावर मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या, रात्रभर पेटलेले दिवे, धूप थांबवायला बांधलेल्या दगडी भिंती हे तरी कधी होतं? पिल्लं अंधारात सगळ्यांत उजळ दिशा धरतात. लाखो वर्षं ती दिशा म्हणजे समुद्रावरचं आकाश. आता ती रिसॉर्टच्या हॅलोजनची असते, पिल्लं तिकडे चालत जातात.

हॅचरीची खरी अडचण वेगळी आहे. कासवाचं लिंग वाळूच्या तापमानावर ठरतं. साधारण ३० अंशांच्या आसपास नर-मादी मिसळ, त्याहून गरम वाळूत मादीच जास्त, गार वाळूत नर. सगळी घरटी एकाच उघड्या चौकोनात आणली तर सगळ्यांना एकच ऊन. त्यामुळे कुठे सावलीची जाळी लावायची, खड्डा किती खोल घ्यायचा, याचा विचार करावा लागतो. पिल्लू बघून नर की मादी ते ओळखता येत नाही, त्यामुळे चूक झाली तरी ती दहा-पंधरा वर्षांनी, पिल्लं वयात आल्यावर कळणार.

हजारात एक म्हणता, त्याचं उत्तरही तिथेच आहे. जगणारं ते एक पुन्हा अंडी घालायला येतं. जानेवारी २०२२ मध्ये वेळासला एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारं यंत्र बसवलं, तिचं नाव प्रथमा. आंजर्ल्याची सावनी. गुहागरला वनश्री, रेवा, लक्ष्मी. पुढच्या वर्षी गुहागरच्याच बागेश्रीला यंत्र लावलं तर ती श्रीलंकेला वळसा घालून थेट बंगालच्या उपसागरात गेली. आणि २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यावर धातूचा बिल्ला निघाला, तो ओडिशात काही वर्षांपूर्वी लावलेला. पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी, असं आम्ही वहीत लिहून पास झालो होतो. ओडिशात एका रात्री हजारो माद्या येतात, कोकणात एकटी-दुकटी. पण ही माहेर-सासर एकच असलेली निघाली, तर वेळासचं एक घरटं वाचवणं म्हणजे फक्त वेळासचा प्रश्न राहत नाही.

नारायणपेठी_संशयात्मा

बागेश्रीचं पटलं. लुडबुडीचं अर्धं पटलं. नावं मात्र चांगली ठेवली आहेत, हे विशेष.

बावधनची सूनबाई

सगळ्यांचे आभार, टूरवाल्याला नकार कळवला. त्याने विचारलं का, मी म्हटलं तुमचे १०० टक्के आम्हाला जड होतील.

नवीन बेत असा: गुरुवार-शुक्रवार, लेकीची शाळा बुडवून. बाईंनी "प्रकल्पासाठीच ना" म्हणत परवानगी दिली. पहिल्या दिवशी वेळास, दुसऱ्या दिवशी सकाळी तिथली टोपली बघून केळशीमार्गे आंजर्ले. सासूबाईंनी नाना फडणवीस ऐकल्यापासून मेणवलीच्या वाड्याचे जुने फोटो काढून ठेवलेत.

अजून दोन गोष्टी. रात्री मादी अंडी घालताना बघता येईल का? लेक हट्टाला पेटलीय. आणि फेरीबोट नक्की कुठली, रस्ता कसा धरायचा? नवऱ्याला ताम्हिणी पाठ आहे, त्यापुढे अंधार.

धायरीचा ट्रॅव्हलरवाला

ताई, रस्ता सोपा आहे. ताम्हिणी उतरून माणगाव, तिथून म्हसळ्यावरून बागमांडला. हरिहरेश्वर तिथून हाकेच्या अंतरावर, आजींना दर्शन घडवायचं असेल तर आधी तिकडे वळा. बागमांडल्याहून गाडीसकट फेरीबोटीत चढायचं, सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीला उतरायचं, मग बाणकोट आणि वेळास. पोरांना गाडी लागत असेल तर ताम्हिणीत पुढच्या सीटवर बसवा आणि मोबाइल काढून घ्या. निम्म्या उलट्या मोबाइलमुळे होतात, माझी गाडी धुणाऱ्या पोराला विचारा. गुरुवारी जाताय म्हणजे बोटीला रांग नसेल. रविवारी संध्याकाळी तिथे उभं राहिलेल्या माणसाशी मी वाद घालत नाही, त्याची मनःस्थिती मला माहीत आहे.

रात्रीचं. तुमचं तुम्ही किनाऱ्यावर जायचं नाही. मादी पाण्यातून वर येताना फार बिथरते. उजेड, आवाज, हालचाल दिसली की अंडी न घालता परत फिरते. एकदा घालायला लागली की मग तिला भान नसतं, डोळ्यांतून पाणी वाहत असतं. पाहुणे म्हणतात रडतेय. ते अंगातलं जादा मीठ बाहेर टाकणं असतं, पाण्यात असतानाही तिचं चालूच असतं. तुमच्या तारखेला माद्यांचा हंगाम सरत आलेला असतो, त्यामुळे दिसण्याचा संभव कमीच. कासवमित्र स्वतःहून चला म्हणाले तर जा, नाहीतर लेकीला नऊ वाजता झोपवा. पहाटे उठायचंय.

बॅटरी न्यायचीच असेल तर काचेवर लाल जिलेटीन कागदाचे दोन पदर बांधा. अप्पा बळवंत चौकात कुठल्याही स्टेशनरीवाल्याकडे मिळतो. लाल उजेडाने कासव त्यातल्या त्यात कमी बिचकतं. मोबाइलचा फ्लॅश बंद आहे का ते पुण्यातच तपासा, किनाऱ्यावर "अगं चुकून लागला" असं रोज कुणीतरी म्हणत असतं.

पिल्लं सोडताना दोरी बांधलेली असते, तिच्या अलीकडे बसायचं. उभं राहिलात तर मागच्यांच्या शिव्या खाल. पिल्लं पाण्यापासून जरा लांब सोडतात, मग ती आपली आपण चालत जातात. मुलं लगेच म्हणतात, उचलून पाण्यात ठेवूया ना, बिचारी दमतील. ठेवायचं नाही. तेवढं चालणं त्यांना लागतं, मोठेपणी ह्याच किनाऱ्याकडे परत यायची खूण तिथेच कुठेतरी मनात बसते असं म्हणतात. लाट एखाद्याला चार वेळा मागे फेकते, ते पाचव्यांदा निघतं. लेकीला आधी समजावून ठेवा, नाहीतर तिथे रडारड होते. मोठ्यांचीही होते.

आणि आंजर्ल्याला सकाळी फिरताना मोठं कासव निपचित पडलेलं दिसलं तर ओढून पाण्यात लोटू नका. बहुतेक वेळा ते जखमी किंवा थकलेलं असतं, पाण्यात गेलं की बुडतं. सावली करा, कुत्री हाकला आणि वनखात्याच्या १९२६ वर फोन लावा. डोक्यावर पाणी ओतत बसू नका, नाकात जातं.

जेवण बहुतेक घरी साधं, शाकाहारी. माशांची हौस असेल तर ती दुसऱ्या दिवशी हर्णैला भागवा, पण दुपारी दोननंतर गेलात तर काही शिल्लक राहत नाही. आजींसाठी घडीची खुर्ची डिकीत टाका. पाय रुंद असलेली घ्या, बारीक पायांची वाळूत शिरते.